चाकरी गेली, हक्क राहिला : महाराष्ट्रातील वतने, इनामे आणि सरंजाम

‘जमीनदार’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा बंगालचे किंवा अयोध्येचे चित्र उभे राहते. हजारो बिघ्यांचा धनी, नदीकाठी त्याची हवेली, दाराशी हत्ती, आणि दूर शहरात राहून कारकुनाकरवी वसूल गोळा करण्याची रीत. मग आपण सहजच म्हणतो, ‘आमच्याकडे असले काही नव्हते, आमचा महाराष्ट्र हा रयतवारीचा प्रदेश.’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे तपासून पाहावे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच गावापासून करू. सतराव्या शतकाच्या इतिहासात ‘पुणे-सुपे’ हे जोडनाव वारंवार येते. या परगण्यांचा मोकासा शहाजीराजांकडे होता. मग पुण्याची जमीन शहाजीराजांच्या मालकीची होती काय? आजच्या अर्थाने मुळीच नव्हती. कसब्यातील वा हवेलीतील कुणब्याचे शेत मिरासदाराचे होते. ते तो विकू शके, गहाण टाकू शके, मुलांना वाटून देऊ शके. मोकासदाराला मिळाला होता तो त्या शेताच्या उत्पन्नातील सरकारी हिस्सा वसूल करण्याचा अधिकार, आणि त्याबद्दल त्याने धन्यासाठी फौज बाळगावयाची होती. म्हणजे शेत एकाचे, सारा दुसऱ्याचा आणि चाकरी तिसऱ्याची. एकाच बिघ्यावर असे तीन-चार हक्क एकावर एक रचलेले असत. आमच्याकडील जमीनदारी समजून घ्यावयाची तर ‘ही जमीन कोणाची?’ असे विचारून चालत नाही. ‘खळ्यावरच्या राशीतून कोण कोण उचलतो, आणि कशाबद्दल उचलतो?’ असे विचारावे लागते.

या उचलणारांची तीन नावे आहेत, आणि ती आपण नेहमी एकमेकांत मिसळतो. पहिले वतन. वतन म्हणजे वंशपरंपरेचे काम आणि त्या कामाबद्दलचे वंशपरंपरेचे उत्पन्न. गावी पाटील आणि कुलकर्णी, परगण्यावर देशमुख आणि देशपांडे, पेठेत शेटे आणि महाजन. दुसरे इनाम. देवस्थानाला, विद्वानाला किंवा एखाद्या पराक्रमी घराण्याला सारामाफीने दिलेली जमीन अथवा गाव म्हणजे इनाम. तिसरा सरंजाम. ठरावीक फौज बाळगून स्वारीला हजर राहावे म्हणून लावून दिलेला मुलखाचा वसूल म्हणजे सरंजाम. वतन विकता येई, वाटून घेता येई. सरंजाम तत्त्वतः चाकरीपुरता आणि धन्याच्या मर्जीपुरता असे. परंतु तत्त्व आणि व्यवहार यांत किती अंतर पडते, हीच पुढची सगळी कहाणी आहे.

या तिन्ही शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : हक्कामागे चाकरी. पाटलाने गाव वसवावे, पडीत जमीन लागवडीस आणावी, दुष्काळात रयतेला धीर द्यावा, तंटे तोडावेत, सरकारचा वसूल पोचवावा. त्याबद्दल त्याला इनाम जमीन, प्रत्येक खळ्यावरून धान्य, तेल्याकडून तेल, आणि पोळ्याला व होळीला पहिला मान. मानपानाच्या या गोष्टी आज आपल्याला क्षुल्लक वाटतात. पण कोणाचा बैल पुढे आणि कोणाची पोळी आधी यावरून पिढ्यान्पिढ्या तंटे चालले. गोतसभा बसल्या, महजर झाले, कधी कधी रक्तही सांडले. कारण मान हा हक्काचा दस्तऐवज होता. ज्याचा बैल पुढे त्याचे वतन खरे, हे सारा गाव पाहत असे.

वतनाची ओढ केवढी होती याचे एक उदाहरण पुणेकरांच्या अगदी जवळचे आहे. वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे. १७९४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळविलेला, उत्तर हिंदुस्थान आपल्या धाकात ठेवणारा हा पुरुष स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानी, आणि लोक त्याला ‘पाटीलबावा’ म्हणत. यात विनय होता तसा व्यवहारही होता. बादशाही पद आज आहे, उद्या नाही. सरंजाम पुणे दरबार केव्हा काढून घेईल सांगता येत नाही. परंतु कण्हेरखेडची पाटीलकी मात्र लेकरांच्या लेकरांपर्यंत पोचेल. राज्ये येतील नि जातील, वतन राहील, ही त्या काळच्या मराठी माणसाची श्रद्धा होती.

या श्रद्धेतील धोका सर्वप्रथम ओळखला तो शिवछत्रपतींनी. परगण्यांतील देशमुख गढ्या बांधून, पदरी शिबंदी ठेवून लहानसे राजेच बनले होते. रयतेकडून मन मानेल तसे उकळावे आणि त्यातील थोडेसे सरकारात भरावे, अशी त्यांची रीत. महाराजांनी त्यांच्या वाड्यांचे बुरूज पाडविले, त्यांचे हक्क नेमून दिले, आणि वसूल सरकारी कामदारांच्या हाती दिला, असे सभासद आपल्या बखरीत सांगतो. फौजेला मुलूख लावून देण्यापेक्षा रोख वेतन देण्याकडे महाराजांचा कटाक्ष होता. वतने त्यांनी नाहीशी केली नाहीत. तसे करणे त्या काळी शक्यही नव्हते. परंतु राजा आणि रयत यांच्यामध्ये उभी राहिलेली भिंत त्यांनी खाली आणली.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हीच चिंता दिसते. वतनदार म्हणजे राज्याचे वाटेकरी. त्यांना फार सैल सोडू नये आणि फार आवळूही नये, असा त्याचा मथितार्थ आहे. पण तोवर काळ बदलला होता. संभाजीमहाराजांच्या वधानंतर मोगली फौजा सर्वत्र पसरल्या, राजाराममहाराज जिंजीस गेले, खजिन्यात पैसा उरला नाही. त्या वेळी मराठा सरदारांना बांधून ठेवावयास एकच साधन हाताशी होते : जो मुलूख सोडवाल तो तुम्हांला सरंजाम म्हणून देऊ. या वचनाने राज्य वाचले. परंतु ज्या दोरीने बुडत्याला वर काढले तीच पुढे गळ्याभोवती राहिली. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्यावर त्या वसुलाची वाटणीही अशीच सरदारासरदारांत झाली. एका जिल्ह्यात अनेकांचे अंमल, एका गावात अनेकांचे हिस्से. सरंजाम पुत्राकडे, पौत्राकडे चालत गेला. फौजेची संख्या कागदावर राहिली, वसूल मात्र घरात राहिला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत तर मामलतीच इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या. जो जास्त बोली बोलेल त्याच्या हाती रयत.

आपल्या शहराचा नकाशा म्हणजे या सरंजामशाहीचा कोरीव लेखच आहे. रास्ता पेठ, घोरपडे पेठ ही नावे सरदारांची. सदाशिव पेठेतील विंचूरकरांच्या वाड्याची आठवण आपण लोकमान्यांच्या वास्तव्यामुळे ठेवतो. परंतु वाड्याला नाव देणाऱ्या घराण्याचे विंचूर गाव नाशिक जिल्ह्यात, पुण्यापासून कितीतरी दूर आहे. पुण्यातील वाड्यांचे चिरे अशा दूरदूरच्या खळ्यांवरील धान्यातून उभे राहिले. हे म्हणण्यात कोणाच्या पूर्वजांची निंदा नाही. त्या वाड्यांनी विद्येला, संगीताला, देवळांना आश्रय दिला. पण हा आश्रय कोणाच्या कष्टावर उभा होता, हेही हिशेबाच्या वहीत लिहिलेच पाहिजे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनसाहेब धूर्त खरे. त्यांनी सरदारांची नि इनामदारांची उत्पन्ने बहुतांशी तशीच चालू ठेवली, कारण असंतुष्ट सरदार म्हणजे नवे बंड हे ते जाणून होते. जमिनीची व्यवस्था मात्र इंग्रजांनी बंगालपेक्षा निराळी लावली. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली कायमधाऱ्याने जमीनदारालाच मालक ठरविले होते. येथे सरकारने सारा थेट शेतकऱ्याशी ठरवावा असे घाटले. प्रिंगलचा पहिला प्रयोग फसला. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात मोजणी करून तीस वर्षांचा धारा बांधला, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. ‘आमचा प्रदेश रयतवारीचा’ असे जे आपण म्हणतो, त्याचे मूळ इंदापुरास आहे.

त्याच वेळी दुसरीकडे इनामांची तपासणी सुरू झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ‘सनद दाखवा, नाहीतर इनाम खालसा’ असा खाक्या सुरू झाला आणि घरोघरच्या पेट्या उघडल्या. ज्यांच्या सनदा आगीत वा पावसात गेल्या होत्या त्यांच्या पोटात धस्स झाले. या तपासणीला पुरावा म्हणून पेशव्यांचे दप्तर फार उपयोगी पडले. आज ज्या पेशवे दप्तराच्या रुमालांतून आपले इतिहाससंशोधक मोती वेचतात, ते रुमाल सरकारने जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, तर कोणाचे किती इनाम खरे हे पाहण्यासाठी. ज्या लोकहितवादींचे नाव वसंत व्याख्यानमालेच्या आरंभाशी न्यायमूर्ती रानड्यांसह जोडले जाते, त्या गोपाळ हरि देशमुखांनीही इनाम कमिशनचे काम केले होते. आणि त्यांचे ‘देशमुख’ हे आडनावदेखील वतनाचेच.

रयतवारीने शेतकरी सुखी झाला काय? व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी, १८७५ च्या मे महिन्यात, शहाजीराजांच्या त्याच सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि खते रस्त्यावर आणून जाळली. जमीन शेतकऱ्याच्या नावे लागली म्हणून ती गहाण पडू लागली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले. तशात फेरमोजणीने सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या दाराशी गेला आणि कोर्टाचा हुकूमनामा घेऊन परतला. १८७९ च्या दक्खन शेतकरी कायद्याने काहीसा आळा बसला, पण धडा स्पष्ट होता : जहागीरदार दूर केला म्हणजे जमीन कसणाऱ्याची होतेच असे नाही. त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो, आणि या दुसऱ्याला तर चाकरीचे नावही ठाऊक नसते.

घाटाखाली उतरले की याहून निराळा देखावा दिसतो. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत होता. मुळात तो गावचा वसूल सरकारात भरण्याची जबाबदारी घेणारा. पण काळाच्या ओघात तो गावचा धनी होऊन बसला. कुळाने भात पिकवावे आणि अर्धेल वा तिर्धेल खोताच्या कोठारात घालावी. शिवाय वेठ म्हणून त्याच्या शेतावर राबावे, त्याच्या घराचे छप्पर शाकारावे. १८८० च्या खोती कायद्याने हे हक्क नियमांत बसविले, म्हणजेच पक्के केले. अखेर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली ठरविले की जमीन कसावयाचीच नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन त्यांनी हा संप कित्येक वर्षे चालविला. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला.

आतापर्यंत आपण वतनाची वरची बाजू पाहिली. तेथे चाकरी गेली आणि हक्क राहिला. पण वतनाला खालची बाजूही होती, आणि ती पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महारवतन हेही वतनच. वेस राखणे, सारा कचेरीत पोचविणे, निरोप घेऊन रात्री-अपरात्री धावणे, हद्दीची साक्ष देणे, मेलेली जनावरे ओढणे, अंमलदार आला की त्याची बडदास्त ठेवणे, ही सगळी कामे त्या वतनात येत. त्याबद्दल मिळे ते काय? पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन चतकोर झालेला जमिनीचा तुकडा, आणि खळ्यावरचे बलुते. तेही मागून घ्यावयाचे, आणि गाव रागावला तर न मिळावयाचे. म्हणजे देशमुखाच्या घरी चाकरी संपली तरी हक्क चालू, आणि महारवाड्यात हक्क आटला तरी चाकरी चालू! १८७४ च्या वतन कायद्याने वरिष्ठ वतनदारांपैकी पुष्कळांची चाकरी पैसे घेऊन माफ झाली. महारांची झाली नाही. एकाच शब्दाच्या पोटात असे दोन निराळे न्याय नांदत होते, आणि कोणाला कोणता न्याय मिळावयाचा हे जन्माने ठरत होते.

या गोष्टीवर पहिला राजकीय घाव घातला तो कोल्हापुरात. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतनेही रद्द करून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा केल्या. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. काम हवे असेल तर पगार द्या, आणि नको असेल त्याला वतनातून मोकळा करा, अशी साधी मागणी होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. वतनावर उदरनिर्वाह करणाराच ‘वतन घालवा’ म्हणतो, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. नवल वाटण्याचे कारण नव्हते. ज्याला वतनाने बांधले आहे त्यालाच त्याची गाठ कोठे रुतते ते कळते.

स्वातंत्र्यानंतर मात्र हा डोलारा भराभर उतरला. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला. १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा, १९५० चा परगणा व कुलकर्णी वतनांचा कायदा, १९५२ मध्ये सरंजाम-जहागिरी परत घेण्याचे नियम आणि वैयक्तिक इनामांचा कायदा, १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतनांचा कायदा, आणि १९६२ मध्ये मुलकी पाटीलकीही रद्द. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, नागपूरकडील मालगुजारी १९५१ मध्ये. कूळकायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषिदिन’ ठरला : त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. तीनशे वर्षांत जे झाले नव्हते ते पंधरा वर्षांत कागदावर झाले, आणि कोठे तोफ डागावी लागली नाही, ही सामान्य गोष्ट नव्हे.

‘कागदावर’ हा शब्द मात्र मी जाणूनबुजून वापरला. त्याच १९५७ साली आपल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदानपूर यांनी कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी प्रसिद्ध केली. कायदा होत असतानाच कित्येक कुळांनी जमिनी ‘राजीखुशीने’ परत दिल्याचे त्यांना आढळले. या राजीखुशीचा अर्थ सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. जो उद्या आजारपणात चार पैसे उसने देणार आहे त्याच्यापुढे कूळ कायद्याचे कलम वाचून दाखवीत नाही. आणि ज्यांच्या नावे कूळ म्हणूनही कधी नोंद नव्हती, त्या मजुरांना तर कृषिदिनाने काहीच दिले नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने हे अंतर काही अंशी भरून काढण्याचा यत्न केला. ते पुरते भरले असे म्हणवत नाही.

मग आज या जुन्या गोष्टींचे आपल्याला काय? एखाद्या सभागृहात पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, इनामदार, जहागीरदार, मोकाशी, खोत अशी हाक दिली तर अर्धे सभागृह ‘ओ’ देईल. वतने गेली, आडनावे राहिली. त्याबद्दल कोणाला खंत वाटावयास नको. परंतु पुण्याच्या भोवतालच्या कोणत्याही गावचा सातबारा काढून पाहा. त्यावर ‘इनाम वर्ग ३’ म्हणजे देवस्थानाची जमीन, ‘६ ब’ म्हणजे महारवतनाची, ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असे शेरे आढळतात. शहर वाढले, कालच्या माळाला सोन्याचा भाव आला, आणि मग या दोन अक्षरी शेऱ्यांना एकाएकी महत्त्व चढले. ज्या जमिनीसाठी पणज्याने रात्री-अपरात्री कचेरीचे निरोप वाहिले, ती पणतूला कागद न समजल्यामुळे कवडीमोलाने जाऊ नये, एवढ्यासाठी तरी हा इतिहास आपल्याला ठाऊक असावा.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. आमच्या पूर्वजांनी वतनाची कल्पना काढली ती वाईट नव्हती. हक्कामागे चाकरी असावी याहून न्याय्य तत्त्व कोणते? घात झाला तो हक्क वंशाला चिकटला आणि चाकरी सुटली तेव्हा, व चाकरी वंशाला चिकटली आणि हक्क आटला तेव्हा. पोलीस पाटील आज नेमला जातो, जन्मत नाही; तलाठी बदलीवर येतो आणि जातो. पण सत्तेच्या, संस्थेच्या, जमिनीच्या नव्या नव्या जागांवर घराणी बसलेली दिसली, की सुप्याच्या खळ्यावरचा तो जुना प्रश्न आपण विचारलाच पाहिजे : रास तुम्ही उचलता आहात, ठीक, पण चाकरी कोणती करता? ज्या दिवशी हा प्रश्न विचारणे आपण सोडून देऊ, त्या दिवशी नव्या वतनाची सनद आपल्याच हातांनी लिहून दिली असे समजावे.